पाटल्या तारण ठेवण्याआधी पोराला विचारलं का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी तुमच्या पेपरात पोरांना पेढा भरवणाऱ्या आयांचे फोटो येतात. ते बघून मलाही बरं वाटतं, पोरांनी रात्री जागून काढलेल्या असतात, कौतुक व्हायलाच पाहिजे. पण मी तासगावात एका पतसंस्थेत सोनेतारणाच्या टेबलावर बसते, बावीस वर्षं झाली, आणि त्या फोटोंनंतर पंधरा दिवसांत काय होतं ते मला समोर दिसतं म्हणून हे पत्र लिहितेय. जरा लांबलंय, काटछाट करायची तर करा, मला त्यातलं काय गाळावं ते कळंना.

जून लागला की आमच्याकडं सोनं यायला लागतं. पेरणीला येतं, द्राक्षबागेच्या औषधांना येतं, ते पूर्वीपासून आहेच. पण गेल्या काही वर्षांत क्लासच्या फीसाठी येणाऱ्या बायका वाढल्यात. रुमालात बांधलेली डबी, डबीत सोनाराचा गुलाबी कागद, त्यात माहेरच्या पाटल्या नाहीतर गंठण. आमचे सोनार कसोटीवर घासून बघतात, वजन करतात, मण्यांचं आणि लाखेचं वजन वजा करतात आणि निव्वळ ग्रॅम सांगतात, तो आकडा ऐकताना प्रत्येक बाईचा चेहरा थोडा पडतो कारण घरी वाटलेलं असतं त्यापेक्षा कमीच भरतं. मग मी फॉर्म भरते. त्यात कर्जाचं कारण असा एक रकाना आहे. मी विचारते काय लिहू, ती म्हणते शैक्षणिक लिहा, पोरगा लातूरला ठेवलाय नीटसाठी. नाहीतर कोटा म्हणते, नाहीतर पुण्यात एमपीएससीला. आणि मग मी न विचारता पुढचं वाक्य येतंच, काय करायचं ओ ताई, सगळ्यांची पोरं गेली, आपलंच घरात ठेवलं तर लोक काय म्हणतील.

आता मी हे कुणावर बोट दाखवून लिहीत नाहीये, कारण २०२२ च्या सप्टेंबरमध्ये त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मी स्वतः बसले होते. माझ्याच संस्थेत, माझ्याच पाटल्या, साडेतीन तोळे. फॉर्म माझ्या शेजारच्या मॅडमनी भरला आणि मी पण हेच म्हणाले.

आमचा पोरगा २०२० ला दहावी झाला. ते वर्ष सगळ्यांना आठवत असेल, लॉकडाऊनमुळं भूगोलाचा पेपरच झाला नाही आणि बाकीच्या विषयांवरून त्याचे मार्क दिले. ह्याला ८८ टक्के पडले. निकाल जुलैच्या शेवटी लागला, येणं-जाणं बंद होतं तरी फोन सुरू झाले. माझे दीर, माझी मावशी, मिस्टरांचे चुलत भाऊ, शेजारचे गुरुजी, सगळ्यांचं एकच, सायन्स ना? आणि पोरगा आठवीपासून सांगत होता की मला आयटीआयला जायचंय, इलेक्ट्रिशियन व्हायचंय. लहान असताना घरातला मिक्सर बंद पडला की हा उघडून बसायचा. बागेतली बोअरची मोटार जळली की रिवाइंडिंगवाल्याच्या दुकानात मिस्टरांच्या बरोबर जायचा आणि संध्याकाळपर्यंत तिथंच. मला हे सगळं माहीत होतं. माहीत असून मी त्याला म्हणाले, अरे ८८ टक्के पडून आयटीआय? आयटीआयला कोण जातं माहिती आहे का? हे वाक्य माझं नव्हतं हे आज कळतं, पण तोंड माझंच होतं.

मग अकरावी-बारावी अर्धी मोबाइलवरच झाली, २०२२ च्या नीटला मार्क कमी पडले, आणि घरात ठरलं की एक वर्ष ड्रॉप घेऊन लातूरला ठेवायचं. घरात ठरलं म्हणजे कुणी ठरवलं? मी आठवून बघते तर त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर सहा माणसं होती आणि पोरगा आत टीव्ही बघत बसला होता. त्याला बाहेर बोलावून फक्त सांगितलं.

लातूरची नालस्ती मला करायची नाही. तिथले मास्तर राबतात, पॅटर्न उगाच नाव कमावून बसलेला नाही, २०२५ च्या दहावीत राज्यात २११ पोरांना शंभर टक्के पडले त्यातली ११३ एकट्या लातूर विभागाची होती. ज्या पोराला आतून डॉक्टर व्हायचंय त्यानं जरूर जावं. माझं म्हणणं ज्याला व्हायचं नव्हतं त्याच्याबद्दल आहे. २०१६ ला लातूरला प्यायला पाणी नव्हतं तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी गेलं होतं, आपल्याकडच्या लोकांना अभिमान आहे त्याचा आणि असावाच. त्याच मार्गानं आम्ही पोराला घेऊन गेलो, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत. गादी, बादली, टेबल लॅम्प, बेसनाच्या लाडवांचा डबा. एका खोलीत चौघं, भिंतीला चार टेबलं, खिडकी एक. गाडीत तो फार बोलला नाही, एकदाच म्हणाला, आई, बागेतल्या स्टार्टरची ओव्हरलोड रिले बदलायची राहिली, पप्पांना सांग. मी म्हणाले ते सोड आता, अभ्यासाचं बघ.

तिथं दर रविवारी टेस्ट असायची आणि रात्री पालकांच्या ग्रुपवर पूर्ण लिस्ट पडायची, नंबरासकट, नावासकट. मार्कांवरून बॅच बदलायची, वरच्या बॅचला चांगले सर, खालच्या बॅचला उरलेले. मी रविवारी रात्री स्वयंपाक करता करता ती लिस्ट खालपासून वर बघायचे. पोरगा तिसऱ्या बॅचमध्ये गेला तेव्हा मी फोनवर पहिला प्रश्न विचारला की तुझ्या रूममधला तो कवठेमहांकाळचा मुलगा कुठल्या बॅचला आहे. जेवलास का हे नंतर विचारलं. तो हो म्हणाला. तो रोज हो म्हणायचा. दिवाळीला आला तेव्हा पॅन्टला पट्ट्यात नवीन भोक पाडायला लागलं इतका उतरला होता, आणि भाऊबीजेला नणंदेच्या घरी पाहुणे त्याला एकच विचारत होते, किती पडतील? पोरगा संडासला जातो म्हणून मागच्या दारानं बाहेर गेला तो दोन तासांनी आला, रस्त्याकडेच्या पाटावर बसला होता म्हणे.

(सुप्रीम कोर्टानं जुलै २०२५ मध्ये सांगितलंय की क्लासवाल्यांनी मार्कांवरून बॅचेस पाडू नयेत, पोरांना चारचौघांत कमी लेखू नये. बातमी वाचली त्या दिवशी मी ऑफिसात डबा उघडून तशीच बसले होते. दोन-तीन वर्षं आधी आलं असतं तर असं वाटलं, पण मग हे पण वाटलं की आमच्या ओट्यावर जी लिस्ट लागते तिच्यासाठी कोर्ट कुठून आणायचं.)

एक साधा हिशोब सांगते, माझं कामच आकड्यांचं आहे. २०२३ ला नीटला देशात वीस लाखांच्या वर पोरं होती आणि एमबीबीएसच्या जागा सरकारी-खाजगी मिळून एक लाखाच्या थोड्या वर. म्हणजे वीस घरांतल्या एका घराला सीट. सरकारी तर त्यातल्या निम्म्याच, आणि खाजगीची फी बघितली तर आमच्यासारख्यांनी पाटल्याच काय, बाग विकली तरी भागत नाही. उरलेल्या एकोणीस घरांतल्या पोरांनी काय चूक केली? त्या पोरांनी पण २०० पैकी १८० प्रश्न सोडवायचे, तीन तास वीस मिनिटं, चुकलं की एक मार्क वजा, सगळं तेच केलं. पण निकालाच्या दिवशी त्या एकोणीस घरांत कुणी गेल्यासारखी शांतता असते आणि शेजारी दारातूनच विचारून जातात. आणि काही घरांत ती शांतता कायमचीच राहते. २०२२ या एका वर्षात देशात तेरा हजारांवर विद्यार्थ्यांनी जीव दिला, सरकारचाच आकडा आहे, आणि त्यात पहिला नंबर आपल्या महाराष्ट्राचा. सगळ्या काही परीक्षेच्या केसेस नसतात, घरातली कारणं असतात, आजार असतात, हे मला कळतं. पण या नंबराबद्दल ओट्यावर कधीच बोलणं होत नाही. ज्या आईबापांना पोरगं गप्प गप्प झालेलं दिसतंय त्यांनी १४४१६ हा टेलीमानसचा, मनावरच्या ताणाबद्दल बोलायचा सरकारी नंबर फ्रीजवर लिहून ठेवावा, फुकट आहे, मराठीत बोलतात. मला तेव्हा माहीतच नव्हता.

मे २०२३ ला पोरानं पेपर दिला आणि केंद्राबाहेर येऊन पहिल्यांदाच मोकळं बोलला, आई हे मी तुझ्यासाठी दिलं, आता पुढचं मला ठरवू दे. मला राग आला नाही, खरंच सांगते, मला हलकं वाटलं आणि हलकं वाटलं म्हणून रडू आलं. निकाल आला, नव्हतंच होणार. त्याच पावसाळ्यात त्यानं आयटीआयचा ऑनलाइन फॉर्म स्वतः भरला, दहावीच्या मार्कांवर पहिल्याच राउंडला सरकारी आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड मिळाला, दोन वर्षांचा कोर्स, आणि दोन्ही वर्षांची मिळून फी लातूरच्या मेसच्या दोन महिन्यांच्या बिलाएवढी पण नव्हती. पाटल्या मात्र मी आत्ता आत्ता सोडवल्या, त्या वर्षाचं व्याज अजून भरत होतो.

आज तो एका रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला आहे, वायरमनचं लायसन काढायचं चाललंय. मी एकदा डबा द्यायला गेले होते, एप्रिल छाटणीचे दिवस, पाण्याची नड, दारात सहा-सात मोटारी पडलेल्या. आमच्याकडं शेतीला थ्री फेज लाइट ठरावीक तासच, ती पण बऱ्याचदा रात्री, एखादा फेज गेला की मोटार तापून जळते आणि शेतकरी सकाळी पिकअपमध्ये घालून आणतो. हा आणि त्याचा जोडीदार समोरासमोर पाय पसरून बसले होते, मध्ये सबमर्सिबलचा स्टेटर आडवा, नळकांड्यासारखा. पांढऱ्या पॉली तारेचं एक टोक हा स्लॉटमधून ढकलायचा, पलीकडचा ओढायचा, परत तो ढकलायचा, हा ओढायचा, तोंडानं दोघं आकडे मोजत. मी हाक मारली तर त्यानं मान वर न करता नुसता हात केला, थांब. मोजणी पूर्ण झाल्यावर म्हणाला, एक टर्न चुकला तर सगळं उसवायला लागतं गं. नंतर मेगर लावून दाखवला, काटा कुठं गेला म्हणजे इन्सुलेशन चांगलं ते मला समजावून सांगत होता आणि मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. रविवारच्या लिस्टमध्ये मी ज्या पोराचा नंबर शोधत होते तो हा नव्हताच, हा मला आठवीनंतर पहिल्यांदा दिसला. बाजूला आरवड्याचे एक आजोबा बसले होते, बाग सुकत चालली होती त्यांची, ते म्हणाले तुमचं का पोरगं, रात्री अकरापर्यंत थांबून दिली माझी मोटार.

आता आमच्या पाहुण्यांचं सांगते. पहिलं वर्षभर कुणी विचारलं की काय करतो तर मीच इलेक्ट्रिकलला आहे असं मोघम सांगायचे, ऐकणाऱ्याला इंजिनिअरिंग वाटावं म्हणून. खोटं नव्हतं पण लपवाछपवी होती आणि पोरानं एकदा ते ऐकलं. त्यानंतर मी सरळ सांगते. तर आता प्रश्न बदललाय, महावितरणला लागेल का? विद्युत सहाय्यकाची जागा निघते, त्याला आयटीआय चालतो, हे कळल्यावर दीर एकदम मऊ झाले. म्हणजे पोरगं तेच, काम तेच, हातातलं पक्कड तेच, पण सरकारी शिक्का बसला की अभिमान आणि नाही बसला की दया. त्याला सरकारीत जायचं असेल तर तो जाईल, पण त्याला त्या शिक्क्यासाठीच जगायला लावायचं हे मला आता पटत नाही.

आणि पुढचं संकट लग्नाचं. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेली पोरं नवरदेवाचे कपडे घालून घोड्यावर बसून कलेक्टर ऑफिसवर गेली होती, फोटो सगळीकडं फिरले, लोक हसले. मला हसू आलं नाही. ते मुलींच्या घटलेल्या संख्येबद्दल मागणी घेऊन गेले होते, ते तर खरंच आहे, त्या मुली जन्माला येऊ दिल्या नाहीत त्यात पण लोक काय म्हणतील होतंच की, पहिली मुलगी दुसरी पण मुलगीच का असं विचारणारी हीच भावकी. आता मुलीवाले म्हणतात शेतकरी नको, दुकानात काम करणारा नको, पुण्याला फ्लॅट पाहिजे आणि गावाला शेती पण पाहिजे. मुलींना मी दोष देत नाही, शेताच्या कामाला जुंपलेल्या आया त्यांनी बघितल्यात. पण मुलीला तरी कोण विचारतं?

मला विचारलं नव्हतं. शाळेत असताना मी चित्रकलेची इंटरमिजिएट दिली, ए ग्रेड मिळाली, बाईंनी घरी येऊन सांगितलं हिला एटीडी करू द्या, चित्रकला शिक्षिका होईल. वडील तयार होते. पण त्याच आठवड्यात पारावर कुणीतरी त्यांना म्हणालं की पोरीला चित्रं काढून कुणाचं पोट भरायचंय, आणि वडिलांनी घरी येऊन मला कॉमर्सचा फॉर्म दिला. माझं काही वाईट झालं नाही, नोकरी मिळाली, संसार चांगला आहे. तरी आजही मी फॉर्मच्या मागं कोऱ्या जागेत बोलता बोलता वेलबुट्टी काढते आणि मॅनेजर साहेब म्हणतात मॅडम पेपर खराब करू नका. इतकं सगळं सोसून मी पोराला तेच केलं, ह्याचंच मला सगळ्यात जास्त लागतं.

तुम्ही म्हणाल समाजापुढं एकट्या माणसाचं काय चालतं. मी पण असंच म्हणायचे. पण आमच्यापासून फार लांब नाही, शिरोळ तालुक्यात हेरवाड आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा वारला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं, ज्याच्यापुढं कुणाचं चालत नव्हतं असं सगळे म्हणायचे, ते त्याच गावातल्या लोकांनी एका सभेत हात वर करून थांबवलं. त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या गावांना पण तसं करा म्हणून परिपत्रक काढलं. मनातून सगळं लगेच गेलं असेल असं मी म्हणत नाही. पण समाज म्हणजे कोण तर ग्रामसभेला चटईवर बसलेली ती माणसं, नावानिशी ओळखता येणारी. १८४८ ला भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली तेव्हा सावित्रीबाईंच्या अंगावर शेण फेकणारी पण माणसंच होती आणि तरी मुलगी शाळेत पाठवणारी पण माणसंच होती, त्याच पुण्यातली. आमच्या ओट्यावर त्या संध्याकाळी सहाच माणसं होती. त्यातलं एक जरी म्हणालं असतं की आधी पोराला बाहेर बोलवा, त्याला विचारा, तरी वेगळं झालं असतं. ते एक माणूस मी असायला पाहिजे होते.

गेल्या जूनमध्ये एक बाई आल्या, विट्याकडच्या असाव्यात, माझ्याच वयाच्या. पाटल्या, चार. पोराला बारावीला बरे मार्क, ड्रॉप घेऊन बाहेर ठेवायचं म्हणाल्या. मी फॉर्म भरत होते, कारणाच्या रकान्याशी पेन थांबलं आणि मी विचारलं, त्याला काय व्हायचंय? नोकरीच्या नियमात हे बसत नाही, माझं काम ग्रॅम आणि टक्के एवढंच. त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. म्हणाल्या, असं कधी विचारलं नाही ओ. मग बाहेर बाकावर जाऊन फोन लावला. काचेतून दिसत होत्या, बराच वेळ नुसत्या ऐकत होत्या, पदर तोंडाला लावून. परत आत आल्या, डबी उचलली, उद्या येते म्हणाल्या. त्या आल्या की नाही मला माहीत नाही, दुसऱ्या दिवशी मी रजेवर होते. पण त्यांचा अर्धवट भरलेला फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये तसाच आहे.

संपादक साहेब, एक विनंती आहे. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पेढ्याचे फोटो छापता तसेच त्याच पानावर आयटीआयचे राउंड कधी सुरू होतात, कुठले ट्रेड आहेत, एटीडीचे प्रवेश कुठं होतात, अप्रेंटिसला किती पैसे मिळतात हे छापा. जाहिरातीसारखं आतल्या पानावर कोपऱ्यात नको, फोटोंच्या शेजारी. एखाद्या वेल्डरचा, टर्नरचा, नर्सिंगच्या मुलीचा फोटो पण टाका, कामाच्या जागेवरचा. तुम्ही छापलंत तर मी ते कात्रण माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवीन, समोर बसणाऱ्या बाईला वाचता येईल असं, उलट्या बाजूनं.

आपली वाचक,
(कृपया नाव छापू नये)
तासगाव, जि. सांगली